अकरा वर्षं, सगळीकडं

माणसाची आठ वर्षं राबवून घ्यायची, दर महिन्याला पगारातून पेन्शनच्या नावानं पैसे कापायचे, आणि दहाला दोन कमी पडली म्हणून आठाचं शून्य करायचं, याला आमच्या कडा गावात चोरी म्हणतात. सातासमुद्रापलीकडच्या त्या कचेरीत याला नियम म्हणतात. कचेरीचं नाव सांगून उपयोग नाही. तिला तोंड नाही, माणूस नाही. पत्राच्या कोपऱ्यात एक लांबलचक नंबर आहे. शिव्या द्यायच्या तर त्या नंबरालाच द्याव्या लागतात.

ते पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात सत्यशीलाबाईंच्या नावानं आलं. सत्यशीला नर्स. इंग्लंडात म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात तिनं आठ वर्षं काढली आणि मग परत आली. आता आष्टीच्या एका दवाखान्यात सकाळची ड्युटी करते. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून तिनं ओसरीवर बसून सगळ्यांना मराठीत सांगितलं. सगळे म्हणजे नवरा अंगद, खताच्या दुकानाचा मालक. सासरे विठ्ठलराव, अकरा वर्षं गावचे सरपंच राहिलेले. आणि खाटेवर सासू छबुबाई. छबुबाईंना लकवा मारला होता. डावा हात अजून उठत नव्हता, पण जीभ पहिल्याच महिन्यात उठली होती.

"तिकडची पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात, मामा," सत्यशीला सासऱ्यांना म्हणाली. "माझी आठ भरलीत. उरलेली दोन इथून पैसे भरून जोडता येतात. पाच एप्रिल शेवटची तारीख. नंतर माझ्यासारख्यांना हा रस्ता बंद."

"आन् न्हाई भरले तर?"

"तर काहीच नाही."

"आठ वर्षांचे आठ आणे तरी?"

"शून्य."

विठ्ठलरावांनी पत्र हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटं करून मागून पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण कागदाला वास असतो अशी त्यांची समजूत होती.

"आधी तुमी पैसे भरा, मग आमी तुमाला देतो," ते म्हणाले. "हे बोलणं म्या आयुष्यात तीनदा ऐकलं. एकदा सागवानवाल्याकडून, एकदा इमू पक्षीवाल्याकडून आन् एकदा त्या पतसंस्थेच्या चेअरमनकडून. सागवान वाळला, इमू पळाला आन् चेअरमन इमूच्याबी पुढं पळाला."

"हे सरकार आहे, मामा."

"म्या सरकार होतो अकरा वर्षं. मला सांगू नको."

तेवढ्यात बिभीषण मुकादम आले. दरसाल सव्वाशे जोडपी ऊसतोडीला नेणारा माणूस. करार, पैसा आणि पळापळ या तिन्ही गोष्टींत त्यांच्या शब्दाला गावात मान. त्यांना सगळं परत सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि मळणं थांबवलं.

"आमच्यात मुकादम आधी उचल देतो, मग काम करून घेतो. बरोबर? ह्यो तुमचा इंग्रज आधी काम करून घेतो, आन् वर उचलबी मजुराकडूनच मागतो? आबा, असा मुकादम आपल्या जिल्ह्यात निघाला तर लोकं उसाच्या फडातच बांधून ठेवतील त्याला."

"तेच म्हणतो मी!" विठ्ठलराव म्हणाले.

"तुमी काय म्हणता?" खाटेवरून छबुबाई बोलल्या. "तिची दोन वर्षं कमी कावून पडली ते आधी सांगा. मला लकवा मारला, तवा फोन कुणी केलता? ‘सत्यशीला, निघून ये, घरात बाईमाणूस न्हाई.’ कुणी केलता?"

फोन विठ्ठलरावांनीच केला होता. ती दोन वर्षं इंग्लंडात भरली असती. ती इथं या खाटेपाशी भरली, आणि खाटेची पावती कुठलीच कचेरी देत नाही.

"भरू नको म्हणत न्हाई मी," विठ्ठलराव सावरून म्हणाले. "तपासून भरू म्हणतो."

तपासायची त्यांची रीत बैलबाजारातली होती. आष्टीच्या बाजारात बैल आवडला की आपण एकदा वय विचारायचं. घटकाभरानं पोराला पाठवून तेच विचारायचं. मग तिसराच माणूस पाठवायचा. तिन्ही तोंडांना एकच उत्तर मिळालं तर व्यापारी खरा. उत्तर बदललं तर बैलाचे दातसुद्धा मोजायला जायचं नाही. या रीतीनं विठ्ठलराव चाळीस वर्षांत एकदाही बैलात फसले नव्हते. इमूला ही रीत लावायची राहून गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला ड्युटीवर गेली. दुपारी दीडला तिकडची कचेरी उघडते, हे पत्रावरून अंगदनं काढलं. परदेशी बोलायचं रिचार्ज त्यानं दुकानाच्या फोनवर मारलं. फोन लागला. पलीकडून इंग्रजी आलं, अंगदनं "मराठी, मराठी" असं दोनदा म्हटलं आणि मग बराच वेळ फोनात नुसती थांबवून ठेवायची पेटी वाजत राहिली. शेवटी एक बाई बोलली.

"नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे. कचेरीतले साहेबही लाइनवर आहेत. आपण जे बोलाल ते मी त्यांना जसंच्या तसं सांगेन."

विठ्ठलरावांनी फोनवर तळहात दाबला. "मराठी बाई! इंग्लंडात! अरे, हा फोन पुण्यात लागलाय. म्या म्हणलं नव्हतं?"

"बोला तर खरं, आबा," बिभीषण म्हणाले. "बाजारात आलाव तर इचारून घ्या."

"आपलं नाव?" बाईनं विचारलं.

"विठ्ठलराव."

"जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे सेहेचाळीस."

"आमच्या देशात किती वर्षं काम केलंत?"

सुनेची आठ, सासऱ्यानं त्याहून कमी सांगणं बरं दिसेना. शिवाय बाजारात गिऱ्हाईक मोठं दिसावं लागतं. विठ्ठलरावांच्या तोंडी आपसूक त्यांच्या सरपंचकीचा आकडा आला. "अकरा."

"कुठे केलंत काम?"

"सगळीकडं."

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग बाई म्हणाली, "आपल्या नावाची नोंद सापडत नाही. आम्ही तपास करून कळवू."

अर्ध्या तासानं अंगदनं केला. एक जून एकोणीसशे अडुसष्ट. किती वर्षं काम केलं असं विचारल्यावर तो "घरात विचारून सांगतो" म्हणाला. नोंद सापडत नाही, तपास करून कळवू. मग बिभीषण. एक जून एकोणीसशे पासष्ट.

"माझं काम ऱ्हाऊ द्या, बाई," बिभीषण म्हणाले. "आधी मला सांगा, साहेब उचल किती देतो?"

"उचल मिळत नाही," बाई म्हणाली. "आपलीही नोंद सापडत नाही. तपास करून कळवू."

फोन ठेवल्यावर बिभीषण विचारात पडले. "आबा, एक गोष्ट ध्यानात आली का? उचल म्हणजे काय, ते तिनं इचारलंच न्हाई. पुण्याची न्हाई ही बाई."

पण विठ्ठलरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता. तिन्ही तोंडांना एकच उत्तर मिळालं होतं.

"खरं हाय बे," ते अंगदला म्हणाले. "व्यापारी खरा हाय. सत्यशीलाला म्हणावं, बिनधास्त भर."

संध्याकाळी सत्यशीलानं त्याच फोनवरून कचेरीला फोन केला. तिला इंग्रजी येत होतं, त्यामुळं दुभाषी लागली नाही. नाव सांगितलं, गावाचा पत्ता सांगितला, जन्मतारीख सांगितली. एक जून एकोणीसशे सत्तर. मग ती नुसती ऐकत राहिली.

"काय म्हणतो?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"माझी नोंद त्यांनी कुलूपबंद केलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "आज याच फोनवरून तीन अनोळखी माणसांनी पेन्शनची चौकशी केली म्हणे. तिघांची जन्मतारीख एक जून. आता मी चौथी. ते म्हणतात ही टोळी आहे."

"एक जून न्हाई तर काय असती मग? सगळ्यांची एक जूनच असती!"

"तिथं नसते, मामा. तिथं माणसं वर्षभर जन्मतात."

हे विठ्ठलरावांना पटेना. कड्यात काय, अख्ख्या तालुक्यात एका पिढीचा जन्म एकाच दिवशी झालाय. जूनमध्ये शाळा उघडायची. आईबाप लेकरू आणून उभं करायचे. जन्म कधीचा, तर "ज्वारी खुडणीच्या वक्ताला" किंवा "थोरल्या विहिरीला पाणी लागलं तवा". एवढं रजिस्टरात बसत नाही. म्हणून गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. एका सकाळी एका गुरुजींच्या हातून एकवीस लेकरं जन्मल्याची नोंद आहे, आणि त्याबद्दल कुणी गुरुजींना जाब विचारलेला नाही.

तिसऱ्या दिवशी कचेरीचा मेल आला. सत्यशीलाच्या जन्माचा दाखला पाठवा. तो नसेल तर तिला लहानपणापासून ओळखणारे, नात्यात नसणारे दोन साक्षीदार द्या, त्यांच्या ओळखपत्रासह. आणि खाली एक ओळ: साक्षीदारांच्या ओळखपत्रांची स्वतंत्र छाननी होईल.

जन्माचा दाखला असायचं कारणच नव्हतं. सत्यशीला उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत जन्मली होती.

"साक्षीदार एक जूनचा नको," विठ्ठलराव ठामपणे म्हणाले. "बाकी कुणीबी आण."

हल्ली खताची गोणी घ्यायची तर आधार कार्ड लागतं, त्यामुळं अंगदच्या दुकानात अख्ख्या पंचक्रोशीच्या आधारच्या झेरॉक्सांची फाइल होती. सगळे ती फाइल घेऊन बसले. एक जून. एक जून. एक जून. पंधरा ऑगस्ट निघाला तेव्हा अंगद ओरडलाच, पण तो बावीस वर्षांचा, दवाखान्यात जन्मलेला पोरगा होता; तो सत्यशीलाला लहानपणापासून ओळखणार कसा? बिभीषणांनी कपाळाला हात लावला. "आबा, आपल्या गावात जुलै महिना कुणी बघितलाच न्हाई का?"

शेवटी दगडाबाई सापडली. सत्यशीलाच्या आईबरोबर ऊस तोडायला जायची. कोपीत सत्यशीलाची नाळ तिनंच कापली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली, त्यामुळं एक जूनपासून वाचलेली. तिच्या आधारवर एक जानेवारी होती. पाठोपाठ त्याच ऊसतोडीच्या टोळीतला आश्रुबा निघाला. तोही शाळेत न गेलेला.

"आता बघू काय म्हणतो!" विठ्ठलरावांनी मांडीवर थाप मारली.

दगडाबाईला ओसरीवर बसवून कागद वाचून दाखवला. ‘एक जून’ ऐकल्यावर ती अंगठा मागं घेऊन म्हणाली, "जून कशाचा? थंडी होती. शेकोटी पेटविलती म्या. जूनमधी ऊस तोडत्यात का कुठं?"

"मावशे, थंडीचं नाव काढू नको," अंगद म्हणाला.

"मग खोटं सांगू?"

"खोटं न्हाई. सरकारी सांग."

दगडाबाईनं छबुबाईंकडे पाहिलं. छबुबाईंनी मान हलवली, तेव्हा कुठं अंगठा टेकला. कागद गेले. आठ दिवसांनी उत्तर आलं. दोन्ही साक्षीदारांची जन्मतारीख एकच, एक जानेवारी, असं कचेरीच्या ध्यानात आलं आहे. तपास वरच्या साहेबांकडे सोपवला आहे.

अंगदनं फाइल परत काढली. तेव्हा उलगडा झाला. ज्याला तारीखच ठाऊक नाही त्याला आधार काढणाऱ्या पोरानं एक जानेवारी ठोकून दिली होती. म्हणजे शिकलेले सगळे एक जूनला जन्मले, न शिकलेले एक जानेवारीला, आणि मधले महिने गावच्या सगळ्या आया रिकाम्या बसल्या होत्या.

सत्यशीला छबुबाईंच्या पायाला तेल चोळत बसली. बराच वेळ चोळत बसली, तेव्हा छबुबाईच म्हणाल्या, "पोरी, पाय माझा हाय, कचेरीचा न्हाई. दमानं."

दोन एप्रिलच्या दुपारी ठरल्या वेळी वरच्या साहेबांचा फोन आला. "म्या घोळ केला, मीच निस्तरतो," म्हणून विठ्ठलरावांनी फोन आपल्यापुढं ठेवून घेतला. सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. त्यांच्यासाठी दुभाषी मागवली. आवाज तोच.

"साहेब विचारत आहेत," बाई म्हणाली, "एका घरातली माणसं एकाच तारखेला कशी जन्मली?"

"घर न्हाई, बाई. तालुका."

बाईनं ते सांगितलं. पलीकडून साहेब काहीतरी रागानं बोलला.

"साहेब म्हणतात, हे शक्य नाही. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं पाहिलेलं नाही."

"मग पंचवीस वर्षं केलं काय त्यानं?" विठ्ठलराव भडकले. "अन् बाई, तुमी इतकं मराठी बोलताव, तुमाला तरी माहीत पाहिजे. तुमी कुठल्या?"

"मला स्वतःबद्दल बोलायची परवानगी नाही."

"नाव तरी सांगा."

"वर्षाराणी."

"वर्षाराणी, तुझी जन्मतारीख काय हाय?"

बिभीषण खाटेच्या कडेवरून पुढं सरकले. पलीकडं साहेब विचारत होता, काय चाललंय, काय चाललंय. आणि मग त्या बाईच्या आवाजातलं सगळं इस्त्रीचं मराठी एकदम गळून पडलं.

"आबा, माझीबी एक जूनच हाय वो."

"गाव?"

"चौसाळा."

"म्या म्हणलं नव्हतं!" बिभीषण उठून उभे राहिले. "उचल कळली तवाच म्हणलं, ही आपल्याकडचीच हाय!"

पण जे बोललं जाईल ते जसंच्या तसं साहेबाला सांगायचं, हा वर्षाराणीचा नियम होता. ती इमानदार बाई. तिनं स्वतःची जन्मतारीखसुद्धा साहेबाला सांगितली. मग पेटी वाजू लागली. चाळीस मिनिटं वाजली. विठ्ठलरावांनी तेवढ्यात दोनदा चहा घेतला. सत्यशीलानं घोटभरही घेतला नाही.

साहेब परत आला तेव्हा तिनं फोन ओढून घेतला आणि सरळ त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागली. बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, आवाज कळला. नंतर तिनं सांगितलं ते असं: आठ वर्षं, म्हणजे शहाण्णव पगार झाले. शहाण्णव वेळा तुम्ही याच एक जूनवाल्या बाईच्या पगारातून पैसे कापले. एकदा तरी म्हणालात का, बाई, तुझी तारीख संशयाची वाटते, हे पैसे परत घे? घेताना तारीख चालली. देताना का चालत नाही?

त्या चाळीस मिनिटांत साहेबानं तिकडं कामाला असलेल्या या भागातल्या माणसांच्या नोंदी उपसून पाहिल्या होत्या, आणि पानापानावर त्याला एक जून भेटला होता. त्यानं नोंदीचं कुलूप काढलं. भरण्याचा क्रमांक दिला. सत्यशीलाचं तिकडच्या बँकेतलं खातं अजून जिवंत होतं. तिनं तिथल्या तिथं दोन वर्षांचे पैसे भरले आणि पोच आल्यावर मोबाइल सासूच्या खाटेवर ठेवला.

"झाली दहा," ती म्हणाली. छबुबाईंनी उजव्या हातानं तो मोबाइल उचलला, उलटा की सुलटा न बघता कपाळाला लावला.

विठ्ठलराव विजयी मुद्रेनं मिशीवरून हात फिरवत होते. "बघा. तपासून घेतलं म्हणून झालं. आता ठेवा फोन."

"थांबा, आबा," फोनमधून वर्षाराणी बोलली. "साहेबाचं अजून एक काम हाय. तुमच्याकडं."

"माझ्याकडं?"

"साहेब म्हणतोय, एक जूनवाले खरे असत्यात हे आता त्याला पटलंय. म्हणजे तुमीबी खरेच. मग तुमी त्या दिवशी सांगितलेली अकरा वर्षंबी खरीच असणार. आन् या अकरा वर्षांचा एक पैसा त्यांच्याकडं जमा न्हाई. म्हणजे कुण्या मालकानं तुमाला चोरून राबवलं. त्या मालकाला ते सोडणार न्हाईत. अकरा वर्षं कुठं होतात, कुणाच्या हाताखाली होतात, सांगा. आन् ‘सगळीकडं’ हे उत्तर चालणार न्हाई म्हणतोय."

विठ्ठलरावांचा हात मिशीवरच थांबला. त्यांनी अंगदकडे पाहिलं. अंगद झेरॉक्सांची फाइल लावू लागला. बिभीषणांकडे पाहिलं, बिभीषणांना पायताण सापडेना. मग खाट करकरली. छबुबाई उजव्या कोपरावर रेटून, लकव्यानंतर पहिल्यांदाच, कुणाचा हात न धरता उठून बसल्या होत्या.

"अकरा वर्षं सरपंच होतात," त्या म्हणाल्या. "रोज दिवस उगवायला ‘कामाला चाललो’ म्हणून निघायचात, दिवेलागणीला यायचात. गावात एक नाली झाली न्हाई, एक दिवा लागला न्हाई. म्याबी कवाची इचारायले. आता साहेबबी इचारायलाय. बोला की, कुठं होतात?"